राणे मॅडमचे मिस्टर

गाडी शिकवणारा माणूस दिवसभर गाडीत असतो, पण गाडी चालवत नाही. तो डावीकडच्या सीटवर रिकाम्या हातांनी बसलेला असतो आणि स्टिअरिंग धरून शेजारी जो बसलेला असतो, त्याने आजवर फार तर सायकल हाकलेली असते. लोकांना वाटतं, काय सुखाचं काम आहे, बसून हिंडायचं. हे सुखाचं काम मी वाशीत उभा जन्म केलं. त्यातली सुरुवातीची बरीच वर्षं पोटात जळजळ, खांद्यात कळ आणि मनात एका बाईविषयीचा मत्सर घेऊन काढली. ती बाई माझी बायको होती.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी आम्ही लालबागची खोली सोडून वाशीला आलो. तेव्हा मी बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात साहेबांच्या गाडीवर होतो. वाशी तेव्हा निम्मी कागदावर आणि निम्मी चिखलात होती. इमारतींचे ठोकळे उभे राहत होते, मधे गवत, त्याच्या पलीकडे खाडी. पण रस्ते काय होते! लालबागच्या माणसाने तसा रुंद, सरळ आणि रिकामा रस्ता फक्त कॅलेंडरवर पाहिलेला. एखादी म्हैस, एखादा सायकलवाला, बाकी सगळं डांबर. तो पाहून माझ्या मनात आलं की इथे माणसांना गाडी शिकवली तर कुणी मरणार नाही. साहेबांची नोकरी सोडली, टॅक्सीतून निवृत्त झालेली एक अँबॅसिडर घेतली, तिला डाव्या बाजूला जादा ब्रेक आणि जादा क्लच बसवून घेतला आणि दारावर नाव रंगवलं.

हा जादा ब्रेक म्हणजे आमच्या धंद्याचा प्राण. शिकणाऱ्याच्या पायाखाली एक पायडल असतं, तसंच आमच्या पायाखाली. दोन्ही आतून जोडलेली. आम्ही आमचं दाबलं की गाडी थांबते आणि त्याच्या पायाखालचंही आपोआप खाली जातं. शिकणारा चुकला तर गाडी आमच्या ताब्यात यावी, एवढाच त्याचा उपयोग. पण माझा पाय त्यावर कायम असे. शिकाऊ माणूस म्हणजे चालता अपघात, त्याच्यावर क्षणभरही भरवसा टाकायचा नाही, हे माझं मत. ते मी लालबागच्या माझ्या उस्तादांकडून घेतलं होतं. उस्तादांच्या हातात लाकडी पट्टी असे आणि गिअर चुकला की ती बोटांच्या सांध्यांवर बसे. मी पट्टी कधी घेतली नाही, पण तोंड त्यांचंच घेतलं. "डोळे आहेत की बटणं?" हे माझं आवडतं वाक्य होतं. माझ्या गाडीत मोठमोठ्या हुद्द्याची माणसं घामाने निथळायची आणि मला वाटायचं, शिकवणं चांगलं चाललंय.

कुंदा, म्हणजे माझी बायको, या धंद्यात आली ती मेथीची जुडी घेऊन. आमच्याच इमारतीतल्या एका डॉक्टरीणबाईंना गाडी शिकायची होती आणि त्यांच्या सासूबाईंना सुनेने परक्या पुरुषाशेजारी एकटीने बसणं पसंत नव्हतं. मग तोडगा निघाला की मिसेस राणेंनी मागे बसावं. कुंदा मागच्या सीटवर बसून मेथी निवडायची, लसूण सोलायची. मी पुढे ओरडत असायचो. डॉक्टरीणबाईंना मी ओरडलो की मागून कुंदाची भाजीची पिशवी हळूच सरसर वाजायची, एवढाच तिचा निषेध.

मग आणखी बायका आल्या आणि कुंदाचं मागे बसणं रोजचं झालं. वर्षभर ऐकून ऐकून तिला सगळं पाठ झालं होतं. एक दिवस म्हणाली, मलाही शिकवा. मी शिकवलं. तिच्यावरही ओरडलो. ती नुसती मान हलवायची. पण तिला पटकन आलं आणि ठाण्याला जाऊन ती पहिल्या फटक्यात परवाना घेऊन आली. तेव्हा मला अभिमानच वाटला होता. इमारतीत मी पेढे वाटले. पुढे शिकवण्यासाठी लागणारे कागदही आम्ही तिच्या नावाने करून घेतले, कारण बायका वाढत होत्या आणि मला वाटलं, कधी अडलं-नडलं तर असावं.

अडलं ते लवकरच. मला कावीळ झाली. डोळे पिवळे, अंगात त्राण नाही आणि डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही म्हणून बजावलेलं. शिकणाऱ्यांची अर्धी शिकवणी झालेली, त्यांना वाऱ्यावर सोडता येत नव्हतं. कुंदा म्हणाली, मी नेते. मी म्हटलं, बायकांना ने, पुरुषांना सांग थांबा. तिने सगळ्यांनाच नेलं.

मी खिडकीखाली पडून असायचो. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज यायचा आणि मी कान देऊन बसायचो की आता क्लच कुरकुरेल, आता गाडी हिसका देऊन बंद पडेल. पडायची. पण मग पुन्हा सुरू व्हायची आणि निघून जायची. तिच्या आवाजाची वाट पाहायचो, तो कधीच ऐकू यायचा नाही. परत आल्यावर खाली हसणं ऐकू यायचं. माझ्या गाडीतून उतरताना कुणी हसल्याचं मला आठवत नव्हतं.

बरा होऊन मी पुन्हा डाव्या सीटवर बसलो तेव्हा गाडीत काहीतरी बदललं होतं. एका बँकेतल्या गृहस्थांनी दोन-तीन वळणं घेतली, माझं बोलणं ऐकून घेतलं आणि मग फार अदबीने विचारलं, "मॅडम आता येणार नाहीत का?"

ते वाक्य माझ्या पोटात जे जाऊन बसलं ते बसलंच. पुढे ते मी अनेकांकडून ऐकलं. कुणी तोंडाने विचारायचं, कुणी मी दार उघडून बसल्यावर चेहऱ्याने. परवाना मिळालेले लोक पेढ्यांचा पुडा घेऊन यायचे आणि माझ्या हातात देऊन म्हणायचे, मॅडमना द्या. माझं नाव दारावर रंगवलेल्या गाडीला वाशीत लोक राणे मॅडमची गाडी म्हणायला लागले. आणि मला, मी पहिल्यांदा ऐकलं ते भाजीवाल्याकडून, राणे मॅडमचे मिस्टर.

बाहेरच्या माणसाचा मत्सर सोपा असतो. त्याला शिव्या देता येतात, त्याच्या दुकानावरून जायचं टाळता येतं. मला जिचा मत्सर होता ती माझ्या ताटात भात वाढत होती. रात्री जेवताना ती सहज सांगायची, आज अमक्यांनी वळण काय सुंदर घेतलं, तमक्या बाई पहिल्यांदाच तुर्भ्यापर्यंत गेल्या. मी आमटीत बघत हूं हूं करायचो. तिच्या बोलण्यात माझ्यावर कुरघोडी कधीच नसायची, हे तर मला आणखीच लागायचं. तिने फुशारकी मारली असती तर भांडता तरी आलं असतं.

गाडी एकच, त्यामुळे वेळा वाटून घ्याव्या लागल्या. मी सकाळ घेतली. सकाळी ऊन नसतं, नोकरदार पुरुष कामाला जाण्याआधी येतात, सकाळ म्हणजे मानाची वेळ. तिला मी दुपार दिली, टपाच्या पत्र्यावर अंडं तळून निघेल अशी. तिने कुरकुर केली नाही. पण वाशीतल्या सगळ्या बायकांना मोकळी वेळ तीच होती, नवरे कामावर आणि मुलं शाळेत. दुपार भरून गेली आणि माझ्या मानाच्या वेळेत मी कधी कधी इमारतीखाली एकटाच गाडी पुसत उभा असायचो.

मग मी तिची नक्कल करून पाहिली. ठरवलं, आजपासून ओरडायचं नाही. शिकायला येणाऱ्या एका प्राध्यापकांनी फाटकाच्या खांबाला गाडी घासली आणि मी दात आवळून म्हणालो, छान, छान. ते इतके घाबरले की गाडी बाजूला घेऊन त्यांनी मला विचारलं, तुमची कावीळ उलटली का? त्यांना माझं ओरडणं परवडत होतं, गोड बोलणं नव्हतं. कारण पाय माझा तिथेच होता, ब्रेकवर, आणि नजरही तीच.

त्या दिवसांत माझा एकच आधार होता, हसुराम पाटील. कोपरखैरण्याचे. जुन्या गावातले, पन्नाशीचे, काळेसावळे, दणकट. भातशेती गेली होती, तिच्या जागी त्यांनी चाळ बांधली होती आणि भाडेकरूंच्या जिवावर ऐटीत राहत होते. त्यांनी ती तेव्हा नवीनच निघालेली छोटी गाडी घेतली होती. गाडी दारात उभी, हार घातलेली, आणि चालवणारं कुणी नाही. भरतीच्या वेळी खाडीतून होडी काढण्यात त्या गावात त्यांचा हात कुणी धरला नसता, पण गाडीत बसले की हात लाकडाचे व्हायचे. कुणीतरी त्यांना सुचवलं की मॅडमकडे जा. ते माझ्याकडे आले आणि खुर्चीवर बसून स्पष्टच म्हणाले, "मना बाईमानसाच्या बाजूला बसून शिकाची लाज वाटं. गावात लोक हसतील. तुमीच शिकवा."

मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली. मी कुंदाला चहा टाकायला सांगितलं आणि ती ऐकेल अशा बेताने म्हणालो, बरोबर आहे पाटील तुमचं, काही गोष्टी पुरुषांकडूनच शिकाव्यात. आतून कपबशीचा आवाजसुद्धा आला नाही.

पाटलांना मी जीव ओतून शिकवलं. माझ्या गाडीत ते उत्तम चालवायला लागले. आठाचा आकडा काढायचे, गिअर बदलायचे, वेळेवर थांबायचे. ठाण्याला परीक्षेला मी स्वतः बरोबर गेलो. परीक्षा त्यांच्या स्वतःच्या छोट्या गाडीत होती. तिच्यात जादा ब्रेक नव्हता आणि शेजारी परीक्षा घेणारे साहेब बसले होते. पाटलांनी गाडी सुरू केली, वळवली आणि ती थांबायच्या रेषेच्या पुढे निघून गेली ती कुंपणाजवळ जाऊन थांबली. पुन्हा सराव केला, काही दिवसांनी पुन्हा गेलो, पुन्हा तेच. येताना पाटील खिडकीबाहेर बघत होते. मी त्यांना समजावलं की परीक्षेची भीती सगळ्यांनाच असते. 

त्यानंतर आठवडाभर ते आले नाहीत. मग एका दुपारी दारावरची बेल वाजली. मी दार उघडलं तर पाटील. स्वच्छ सदरा, केसांना तेल. मला आनंद झाला. या म्हटलं, बसा, उद्या सकाळची वेळ तुम्हालाच देतो. पाटील आत आले नाहीत. माझ्या खांद्यावरून आत बघत, खालच्या आवाजात त्यांनी विचारलं,

"मॅडम हायत का घरात?"

मला सगळ्यात जास्त झोंबलं ते हे की त्यांना लाज वाटत होती, पण ती आता माझी वाटत होती. कुंदा आतून पदराला हात पुसत आली, तिने माझ्याकडे पाहिलं, पाटलांकडे पाहिलं आणि म्हणाली, उद्या तीन वाजता या. एवढंच. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. खाली गाडी उभी होती, माझ्या नावाची.

दुसऱ्या दिवशी तीनला मी म्हणालो, गाडीच्या मागच्या चाकातून आवाज येतोय, मी मागे बसून ऐकतो. चाकातून कसलाही आवाज येत नव्हता. कुंदाला ते माहीत होतं, पण ती बसा म्हणाली. जिथे बसून ती कधी मेथी निवडायची तिथे मी बसलो. मला पाहायचं होतं की ही करते काय. मला खात्री होती की काहीतरी युक्ती असणार.

पाटील चालवायला बसले. कुंदा डाव्या सीटवर बसली, चपला काढल्या आणि चक्क मांडी घातली. पाट मांडून जेवायला बसावं तशी. तिचे पाय सीटवर होते आणि जादा ब्रेक खाली मोकळा होता.

 मी पुढच्या सीटची पाठ धरून पुढे वाकलो. गाडी निघाली. कुंदा अधूनमधून एखादा शब्द बोलायची, पुढे डावीकडे जायचंय, किंवा समोर सायकल आहे, बस्स. कोपरखैरण्याच्या रस्त्याला लागल्यावर लांबून म्हशींचा कळप रस्ता ओलांडताना दिसला. माझा उजवा पाय आपोआप पुढे गेला आणि पायाखालच्या चटईवर जोरात दाबला गेला. तिथे काहीच नव्हतं. पाटलांनी कुंदाकडे पाहिलं. कुंदा म्हशींकडे पाहत होती. मग पाटलांनी स्वतः पाय उचलला, ब्रेकवर ठेवला आणि गाडी म्हशींच्या बरीच अलीकडे हळूच उभी राहिली.

"थांबली," कुंदा म्हणाली.

पाटील काही वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच बसून राहिले. म्हशी गेल्या तरी गाडी पुढे घेईनात. मला त्यांची मान तेवढी दिसत होती, ताठ, होडीत उभ्या राहिलेल्या माणसाची असते तशी.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी विचारलं. नीट विचारलं, बऱ्याच महिन्यांनी. म्हटलं, तू पाय वर घेऊन बसतेस, हे तुला कुणी सांगितलं?

"कुणी नाही. माझे पाय तिथे पोचतच नाहीत," ती म्हणाली. "ते पायडल तुमच्या मापाने बसवलंय. तुम्ही आजारी पडलात, पहिल्या दिवशी बसले तर पाय लोंबकळायला लागले. सरकून बसलं तर समोरचं दिसेना. मग घेतली मांडी."

मी विचारलं, भीती नाही वाटली?

"वाटली की. रडूच येत होतं. पण मग मनात आलं, शेजारच्यालाही घरी जायचंच आहे. मरायचं कुणाला असतं? ब्रेक मला लावायचाय तेवढाच त्यालाही लावायचाय. मग मी तसं धरूनच चालले, की हा थांबवणार आहे. आणि थांबवतात हो."

एवढं बोलून ती ताटं उचलून आत गेली.  तिचा हात माझ्यापेक्षा चांगला असता, तिला गाडीतलं माझ्यापेक्षा जास्त कळत असतं, तर मी काहीतरी करून तिला गाठलं असतं. तसं काही नव्हतं. इंजिनातलं तिला आजही कळत नाही. मी एक गोष्ट खरी मानून शिकवत होतो आणि तिने नाइलाजाने तिच्या उलट गोष्ट खरी मानली होती. त्यामुळे मी जळजळीच्या पुड्या खात होतो आणि ती शांत झोपत होती. मला तिच्या नावाचा मत्सर वाटत आला होता असं मी समजत होतो. त्या रात्री मला तिच्या झोपेचा मत्सर वाटला.

माझ्याकडे त्या वेळी गायकवाड नावाचा एक तरुण शिकत होता. जालन्याकडचा, तुर्भ्याच्या एका कारखान्यात माल चढवण्या-उतरवण्याच्या कामावर. कारखान्यात ड्रायव्हरची जागा निघणार होती आणि साहेबांनी त्याला सांगितलं होतं, परवाना आण, मग बघू. रात्रपाळी करून तो सकाळी थेट माझ्याकडे यायचा, जय भीम सर म्हणायचा आणि डोळे चोळून चालवायला बसायचा. कितीही ओरडलं तरी उलट बोलायचा नाही. चढावर मात्र त्याची गाडी हमखास मागे यायची आणि मी हमखास ब्रेक दाबायचो.

त्या सकाळी आम्ही तुर्भ्याच्या मागे, खदानीकडे जाणाऱ्या चढावर गेलो. चढावर गाडी उभी करून पुन्हा पुढे काढणं हा शिकाऊ माणसाचा सगळ्यात अवघड धडा. हँडब्रेक ओढलेला, क्लच अर्धा सोडायचा, गाडी थरथरली की हळूच हँडब्रेक सोडायचा. जरा चुकलं की गाडी मागे. मी मनाशी ठरवून आलो होतो की आज ब्रेक दाबायचा नाही. गाडी वीतभर मागे सरकली आणि मी दाबला.

गायकवाडने इंजिन बंद केलं. माझ्याकडे न बघता म्हणाला, "सर, आता बी तुमीच दाबला ना?"

मी म्हटलं, कशावरून?

"पायडल आपोआप खाली जातंय की. पहिल्या दिवसापासून कळतंय मला. माझा पाय पोचायच्या आधीच गाडी पायाखाली मेल्यागत व्हती बगा. मग मला वाटतं, आपल्याला काय जमनार न्हाई."

हे तो तक्रार म्हणून सांगत नव्हता. त्याने ते स्वतःविषयीचं सत्य म्हणून मान्य करून टाकलं होतं. मला आठवलं, माझ्या गाडीतून असे किती जण 'मला जमणार नाही' असं ठरवून उतरून गेले होते आणि मी त्यांना मनात मूर्ख म्हणून मोकळा झालो होतो. एक मराठीच्या शिक्षिका होत्या, चार दिवसांत सोडून गेल्या. त्या पुढे कधी गाडीला हात लावणार नव्हत्या, हे मला तेव्हाही माहीत होतं.

मी चपला काढल्या. मांडी घालायला गेलो तर गुडघे समोरच्या फळीवर आपटले. कसेबसे पाय वर घेतले आणि त्यांच्यावर हात ठेवून बसलो. गायकवाड बघतच राहिला. मी म्हटलं, काढ गाडी.

त्याने गाडी सुरू केली. क्लच सोडताना ती थरथरली, त्याने हँडब्रेक घाईने सोडला आणि ती मागे निघाली. मागून खडी भरायला निघालेला एक डंपर वर येत होता, त्याने भोंगा दिला. गाडी मागेच चालली होती. माझा पाय माझ्या हाताखाली धडपडत होता. तो मी दोन्ही हातांनी दाबून धरला होता, आणि हे सगळं मूर्खपणाचं आहे, आता जीव जाणार, असं मला स्वच्छ वाटत होतं. कुंदाला वाटायचा तसला भरवसा मला तेव्हा मुळीच वाटत नव्हता. मी फक्त तिच्यासारखा बसलो होतो.

गायकवाडने ब्रेक मारला. गाडी उभी राहिली. त्याने हँडब्रेक ओढला, श्वास सोडला, पुन्हा क्लच धरला. या वेळी घाई केली नाही. गाडी थरथरली, तो थांबला, अजून थोडं थांबला आणि मग हँडब्रेक सोडला. अँबॅसिडर कण्हत कण्हत चढाच्या माथ्यावर गेली. डंपरवाला शेजारून शिव्या देत निघून गेला. 

"सर, आत्ता मी केलं ना?" त्याने विचारलं.

"तूच केलंस," मी म्हटलं. माझे पाय मुंग्या येऊन बधिर झाले होते, त्याला धरूनच मला खाली उतरावं लागलं.

गायकवाडला परवाना मिळाला आणि पुढे ती जागाही मिळाली. पाटलांनाही मिळाला, त्याच महिन्यात. मी बदललो असं मात्र चटकन झालं नाही. पाय वर घेऊन बसणं माझ्या गुडघ्यांना झेपेना, मग मी सीट मागे सरकवून घेतली आणि पाय लांब ठेवायला शिकलो. ओरडणं बंद व्हायला आणखी बराच काळ लागला. पण एक झालं. रोज सकाळी मी मुद्दाम मनाशी म्हणायचो की शेजारच्यालाही घरी जायचंय. सुरुवातीला ते खोटंच म्हणायचो, औषध घेतल्यासारखं. मग कधीतरी ते म्हणायची गरज राहिली नाही. खांदा दुखायचा थांबला. जळजळीच्या पुड्या फडताळात तशाच राहून गेल्या, कुंदाने त्या एका दिवाळीच्या साफसफाईत टाकून दिल्या. माझ्या सकाळीही भरायला लागल्या. आम्ही दुसरी गाडी घेतली.

मत्सर गेला का, असं मला माझी मुलगी विचारते. तो काही जळजळीसारखा गेला नाही. कुणी मॅडमना द्या म्हणून पुडा हातात दिला की आजही आत काहीतरी टोचतं. फक्त पूर्वी मला वाटायचं की तिला मिळालेलं प्रत्येक कौतुक माझ्या वाट्यातून कापलेलं आहे. ते मत मी सोडून दिलं. ते सोडल्यावर टोचणं उरलं, पण घरात बोलणं सुरू झालं. रात्री ती तिच्या माणसांच्या गोष्टी सांगते, मी माझ्या.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा पाटलांनी चाळीच्या जागी चार मजली इमारत बांधली आणि वास्तुशांतीला आम्हाला बोलावलं. कोपरखैरण्याच्या त्या अरुंद गल्लीत सगळा गाव लोटला होता. पाटलांनी आम्हाला मांडवाच्या मधोमध नेलं आणि भाऊबंदांना मोठ्या आवाजात सांगितलं, "या आमच्या मॅडम. यांनीच मना गारी शिकवली. आन ह्ये मॅडमचे मिस्टर."

लोकांनी कुंदाला नमस्कार केले, बायकांनी तिला वेढून आत नेलं. मला कुणीतरी खुर्ची दिली. टोचलं ते टोचलंच. मी जेवलो, खीर दोनदा मागून घेतली.

निघताना पाहिलं तर आमची गाडी गल्लीच्या तोंडापासून पार आत अडकलेली. एका बाजूला उघडं गटार, दुसऱ्या बाजूला नव्या इमारतीचा पायरीचा कट्टा, मागे पोरं, खुर्च्या आणि स्वयंपाकाची भांडी. मागे मागे जाऊनच बाहेर पडायचं होतं. पाटील आणि त्यांचे भाऊबंद बघायला जमले. किल्ली माझ्या खिशात होती. मी चालवायला बसलो आणि आरसा नीट करायला हात वर केला. गाडी मागे घेताना स्वतःच्या डोळ्यांशिवाय कुणावर विसंबायचं नाही, हे मी स्वतः शेकडो लोकांना शिकवलं आहे.

कुंदा गाडीत बसली नव्हती. ती मागे जाऊन गटाराच्या कडेला उभी राहिली होती, पदर खोचून, एक हात वर करून.

मी आरसा सोडला. मान मागे वळवली आणि तिच्या हातावर नजर ठेवून गाडी मागे घेत राहिलो.